दोरी ओट्यापर्यंत पोचते

चोपड्याच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागली तेव्हा पिहू चार महिन्यांची होती. आबांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली होती. गाडी सुटता सुटता, आई, तू माझ्या मांडीवर एक गाठोडं टाकलंस. मला वाटलं लाडू असतील. अमळनेर मागे पडल्यावर उघडलं, तर तुझ्या जुन्या लुगड्याची पीळ घालून वळलेली दोरी. झोळीची. हीच दोरी अंगठ्याला बांधून तू भाकरी थापायचीस आणि मी झोळीत झोपायचे. निघताना तू एवढंच म्हणाली होतीस, "दोरी पायले बांध, मंग हात मोकया ऱ्हातस."

(लिहिताना मी तुला आई लिहिते. बोलताना माय म्हणते. कॉलेजला गेल्यापासून असं होतं, रागावू नकोस. धाकटी वाचून दाखवेल तेव्हा तिला माय असंच वाचायला सांग.)

देवपूरच्या आमच्या दोन खोल्यांत झोळी टांगायला आढं नव्हतं. छताला एकच कडं, त्याला पंखा. यांनी पंखा उतरवला, टेबलफॅन आणला आणि कडं मोकळं करून दिलं. धुळ्याच्या उन्हाळ्यात हे काय आहे ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. झोळी बांधून झाल्यावर मी दोरी लावून बघितली. ती ओट्यापर्यंत पोचायची. दारापर्यंत नाही.

मला वाटतं माझ्यासारख्या ज्या पोरी लग्न होऊन शहरात आल्या, त्यांना हे माप समजेल. हे सकाळी आठला हायवेवरच्या टायरच्या दुकानात जायचे, आणि मग मी, पिहू आणि तेवढी दोरी. पाय हलायचा थांबला की ती रडायची. गावात कोणीतरी उचललं असतं. इथे जिन्यावर पावलं वाजली तरी मी कान लावायचे, आणि पावलं वर तिसऱ्या मजल्याला निघून जायची.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. दुपारी तिला तेल लावताना मला फार आनंद व्हायचा. कोमट तेल, तिच्या मांडीच्या वळ्या, पाणी ओतलं की श्वास धरून डोळे मोठे करणं. वाळलेल्या लंगोटांचा उन्हाचा वास. घड्या घालताना मी गुणगुणत असायचे, आणि मध्येच थांबायचे. वाटायचं, यातच मन रमलं तर मी इथेच राहीन. पुस्तकावर धूळ बसेल, आणि मला त्याचं काही वाटणार नाही. त्याचीच भीती वाटायची.

कारण आपल्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. एस.वाय.चा अर्थशास्त्राचा पेपर माझा दोनदा राहिला होता. यावेळीही राहिला असता तर टी.वाय.चा फॉर्म भरता आला नसता, आणि मग कोणी परत भरू दिला असता असं मला वाटत नाही. सासूबाई फोनवर म्हणायच्या, "लेकरू व्हयनं ना? आते कसाले पुस्तकं?" त्यात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मग मी पिहूला अर्थशास्त्र ऐकवायला लागले. दोरी अंगठ्याला, पुस्तक ओट्यावर, पीठ मळता मळता अंगाईच्या चालीत, "किंमत वाढली की मागणी घटते गं बाई, मागणी घटते." ती झोपायची. मी पाठ करायचे.

पेपर नेमका आखाजीच्या आठवड्यात आला, वेळापत्रकात त्याच आठवड्यात अक्षय्य तृतीयेची सुटी होती. लेकीची लेक झाल्यानंतरची पहिली आखाजी, माहेरी येऊन झोका घ्यायची. तुझा फोन आला. "निंबले झोका बांधेल शे. तू कव्हय येस?" मी पेपरचं सांगितलं. तू म्हणालीस, "दे मंग पेपर. झोका काय, झाडलेच ऱ्हाई." फोन ठेवून मी रडले, ते तुला आज सांगते.

पेपरच्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या शबाना आपा वर आल्या. त्या कपडे शिवतात. हातशिलाईचं काम मांडीवर घेऊन त्यांनी दोरी स्वतःच्या अंगठ्याला बांधून घेतली. "जाओ बेटी. मेरा पाँव तो दिनभर मशीनपेच हिलता, आज झूले पे हिलेगा. फरक क्या?"

वर्गात प्रश्नपत्रिका हातात आली आणि सगळं गेलं. एक ओळ आठवेना. पंधरा मिनिटं मी कोऱ्या पानाकडे बघत बसले. मग लक्षात आलं, माझा उजवा अंगठा चपलेत वळवळतोय. दोरी शोधतोय. मी पाय हलवला. एकदा, दोनदा. आणि चालीसकट उत्तर आलं.

लिहीत सुटले. पुढची मुलगी वळली. "ताई, बाक हलतोय ना!" मॅडम आल्या. "काय गं, एवढ्या उन्हात थंडी वाजते का?"

"नाही मॅडम, मुलीला झोपवते," माझ्या तोंडून गेलं.

सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. भिंतीलगतच्या शेवटच्या रिकाम्या बाकाकडे त्यांनी बोट केलं. "तिथे बस. आणि हलव किती हलवायचा तेवढा."

पास झाले. काठावर, पण झाले. टी.वाय.चा फॉर्म भरला.

फार काही बदललंय असं म्हणणार नाही. दार अजून कोणी वाजवत नाही, जिन्यावरची पावलं अजून वर निघून जातात. पण तेल लावताना मी आता गुणगुणते आणि मध्ये थांबत नाही. आणि मागच्या आठवड्यात दोरीच्या टोकाला मी कॉलेजची जुनी ओढणी पिळून जोडली. आता मी उंबऱ्यात बसून वाचू शकते. पाय घरात, पुस्तक बाहेरच्या उजेडात.

आधी घर म्हटलं की मला चोपडा दिसायचं आणि ही नुसती खोली. आता घर म्हणजे अंगठ्याला जाणवते ती ओढ. ती या झोळीची असते, आणि कधी कधी तुझ्या निंबाच्या झोक्याची. धाकटी सांगत होती, आखाजी होऊन इतके दिवस झाले, गल्लीतले बाकीचे झोके उतरले, माय आपला उतरवू देत नाही.

नको उतरवूस. सुटी लागली की येते. दोघी येतो.