दोन दाव्यांच्या मध्ये

उपरण्याखाली दोन हात गेले, आणि वरून नुसतं कापड हलताना दिसू लागलं... माघातल्या जत्रेचा गुरांचा बाजार. शेणाचा, कडब्याचा, शेव-रेवडीच्या गुळाचा वास उन्हात एकजीव झालेला. आणि त्या गलक्यात चौथीतली मी, आमच्या चांदी गाईचं दावं दोन्ही मुठींत गच्च आवळून माझ्या वडिलांचा, आबांचा चेहरा वाचू पाहत होते. भाव ठरायचा तो कापडाआड, बोटं दाबून. तोंडातून कुणी अवाक्षर काढत नसे. आबांची मास्तरकी आता पुण्याला, तिथल्या भाड्याच्या दोन खोल्यांत गाय कुठली न्यायची! चांदी जाणार हे मला कळून चुकलं होतं. जीव टांगणीला लागला होता तो कुणाच्या हाती जाणार, यासाठी. समोरच्या व्यापाऱ्यानं तिचे दात पाहिले, डोळ्यांकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. मेल्याचा मला भयंकर राग आला.

"नेणार कुठे?" आबांनी विचारलं.

"त्ये तुमाला काय करायचंय, मास्तर? भावाचं बोला."

आबांनी हात काढून घेतला.

उन्हं कलताना एक म्हातारा शेतकरी आला. त्यानं आधी चांदीचा गळा खाजवला, आणि तिनंही मान लांब करून दिली... त्याच्या खांद्यावर नवं कोरं दावं होतं. पुन्हा उपरणं, पुन्हा ते हलणारं कापड — आणि या वेळी आबांनी मान डोलावली.

आमच्याकडे जनावर विकतात, दावं विकत नाहीत. त्याच्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. ते सोडायचं कुणी, तर जिच्या हातून जनावर चारा खातं तिनं.

"सोड, बाळ," आबा म्हणाले. वर्गात गरजणारा तो आवाज पार बसला होता.

गाठ सुटता सुटेना. सुटली, तेव्हा म्हातारा अजून आपलं दावं उलगडत होता; तेवढा क्षण चांदी कुणाचीच नव्हती. मागे ओढ्याची वाट मोकळी होती. पळ, चांदे, पळ — मी मनातल्या मनात ओरडले. ती जागची हलली नाही.

पुढे कित्येक वर्षांनी आबा गेल्यावर मी घरातून तेवढं दावंच मागून आणलं. इकडे परदेशात, सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते दाराजवळ टांगलेलं असतं. परवा लेकीला ही हकिकत सांगितली. त्याचा पीळ बोटांनी चाचपत ती ऐकत होती.

"बट व्हाय शी नेव्हर रन, आई?"

मी दाव्याचं दुसरं टोक हातात घेतलं.

"मी उभी होते ना समोर," मी म्हणाले.