हळद लागलेल्या काचा

आमच्या विभागप्रमुखांनी दसऱ्याला माझ्या संशोधनाची पूजा केली आणि ते संशोधन पाटावरच वारलं. अजून आठवलं की माझ्या डोक्यावर चहा उकळेल, दोन कप, आलं घालून.

नव्वदीचं दशक सरत होतं. नाशिकच्या एका कॉलेजात मी द्राक्षाच्या पानावरच्या केवड्यामागे लागले होते. केवडा म्हणजे अख्खी बाग बुडवणारी बुरशी. पान पिवळं पडायच्या आधीच ती ओळखायची होती. फक्त तिलाच चिकटणारं एक प्रथिन घ्यायचं, त्याला चकाकणारा रंग जोडायचा, ते काचेवर ठेवलेल्या पानाच्या पातळ कापावर सोडायचं आणि सूक्ष्मदर्शकात निळा उजेड पाडायचा. बुरशी असेल तिथे हिरवं चमकतं. रंगाची बाटली परदेशातून यायची, मुंगीच्या आंघोळीलाही पुरली नसती एवढीशी. त्यात रंगाला उजेडाचं वावडं. ऊन लागलं की चमक गेलीच. म्हणून बाटली फॉईलमध्ये, काचा काळ्या डब्यात, खिडकीला काळं कापड. त्या अंधारात मी इतकी राहिले की वटवाघळं मला ताई म्हणायची.

दसऱ्याला मी सायखेड्याला घरी गेले. इकडे सरांनी यंत्रांची पूजा मांडली. "देवापुढे काय झाकायचं?" म्हणत फॉईल सोडली, काळं कापड ओढलं, माझ्या सगळ्या काचा खिडकीतल्या पाटावर मांडल्या आणि एकेकीला हळदीचं बोट लावलं. सूक्ष्मदर्शकालाही सोडलं नाही. मग दिवसभर ऊन.

परत आल्यावर मी किंचाळलेच. "सर, हे काय केलंत?"

"अगं, तुझ्याचसाठी! उद्या बाहेरचे परीक्षक काचा बघायला येतायत. त्यांनी हो म्हटलं की तुझी पीएचडी झाली."

परीक्षक आले, वाकले. सगळं हिरवंगार!

"बघा साहेब, केवडाच केवडा!" सर म्हणाले.

"वा! अगदी स्पष्ट."

गप्प बसले असते तर डॉक्टर झाले असते. पण राग माझ्या आधी उठला. मी कोरी काच घेतली, सूक्ष्मदर्शकाच्या मानेवरची हळद नखाने खरवडून तिच्यावर टाकली आणि निळ्या उजेडात सरकवली.

"साहेब, यात पान नाही, बुरशी नाही. नुसती हळद आहे. तीही हिरवीच चमकते. माझा रंग उन्हात मेलाय."

"सणासुदीचं असं बोलू नये गं," सर पुटपुटले.

"सणासुदीचं दुसऱ्याचं काम उन्हात घालू नये, सर!" या आवाजाने गोदाकाठची कबुतरं उडाली ती थेट मालेगावात उतरली.

परीक्षकांनी चष्मा पुसला. "पुन्हा करावं लागेल."

पुन्हा! नवी बाटली, नवी पानं, तोच अंधार. सरांनी पेढ्यांची ऑर्डर तेवढी रद्द केली.

पुढच्या दसऱ्याला बाटली बर्फाच्या थर्मासातून सायखेड्याला नेली, दुहेरी फॉईलमध्ये, आणि फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीमागे दडवली. आईने विळे, कुदळी, फवारणीचा पंप पाटावर मांडला.

"तुझं काय ठेवायचं का गं पूजेला?"

मी पेन ठेवलं. टोपण घट्ट लावून.