मागच्या खोलीचा गारठा

मी अमेरिकेला निघालो त्या सकाळी आमच्या टेम्पोत शेवंतीचे गठ्ठे भरलेले होते. चांदूर बाजारहून अमरावतीच्या मार्केटला माल टाकायचा आणि परत यायचं, हा बाबांचा रोजचा रस्ता. त्या दिवशी मात्र त्यांनी ड्रायव्हरला मार्केट ओलांडून आधी बडनेऱ्याला घ्यायला लावलं, कारण माझी मुंबईची गाडी तिथून होती. आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, मी आणि बाबा मागे फुलांत. स्टेशनवर बॅगा उतरवून झाल्यावर बाबा घड्याळ बघत म्हणाले, "मी निंगतो आता, माल कोमेजते." रडू येऊ नये म्हणून ते तसं म्हणाले की खरंच त्यांचा जीव फुलांत होता, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. आईनं माझ्या कानांवरून हात फिरवला. "कान बांधून राहत जाय. थंडी लय असते म्हणतात तिकडं," एवढंच ती बोलली. गाडी हलायच्या आत दोघंही टेम्पोकडे वळली होती.

हे मी गावातल्या आणि अकोल्यातल्या आपल्या माणसांसाठी लिहितो आहे. गेली काही वर्षं तुम्ही सगळे एक वाक्य बोलता, "याच्या मायले तिकडं करमलं नाही." बोलता त्यात तुमची चूक नाही, तुम्हाला ते मीच सांगितलं होतं. पण ते खरं नाही. माझ्यासारखे जे निघून गेले, आईवडिलांना आपल्याजवळ आणायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनीही हे वाचावं असं वाटतं.

अमरावतीत इंजिनियरिंग झालं, अकोल्यात एका तेलाच्या मिलमध्ये कंट्रोल पॅनलवर तीन वर्षं काढली, मग नव्या कंपनीनं अमेरिकेला पाठवलं. तिथेच वैशालीशी लग्न करून संसार मांडला. वायर कुठून येते आणि कुठे जाते हे शोधणं हाच माझा धंदा. बॉस्टनपासून तासाभरावर आम्ही एक जुनं लाकडी घर घेतलं. त्याच्या तळघरात बॉयलर आहे. बॉयलरमध्ये पाणी तापतं आणि भिंतीच्या कडेनं टाकलेल्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरतं. सगळं घर एकदम तापवायला लागू नये म्हणून त्याचे भाग पाडलेले असतात, त्यांना झोन म्हणतात. आमच्याकडे तीन होते, खालचा मजला, वरचा मजला आणि तळघर. प्रत्येक झोनला भिंतीवर एक थर्मोस्टॅट, म्हणजे किती ऊब हवी ते सांगणारी डबी.

बाबा गेले तेव्हा मी तेरवीच्या आदल्या दिवशी पोचलो. आई एकटी पडली होती. रेखा, माझी धाकटी बहीण, अकोल्यात असते. तिनं आपल्याकडे चल म्हटलं, पण आईला लेकीच्या घरी राहणं जड वाटत होतं. मी म्हटलं, माझ्याकडे चल, कायमची चल. कागदपत्रांत वर्ष गेलं. तेवढ्या वर्षात तिनं शेत मक्त्यानं दिलं, गाय शेजारी दिली, भांडी वाटून टाकली. स्वतःच्या हातानं लावलेली मोगऱ्याची झाडंसुद्धा काढून कुणाकुणाला दिली. परत येणारं माणूस असं करत नाही.

ती नोव्हेंबरात येणार होती. त्याआधी ऑक्टोबरात मी घरातले तिन्ही जुने गोल थर्मोस्टॅट काढून स्मार्ट थर्मोस्टॅट लावायला घेतले. मनात असं होतं की आईला कशाला हात लावायला लागू नये, मी ऑफिसातूनही फोनवर घराची ऊब कमीजास्त करू शकेन. जुन्या डब्यांना दोनच वायरी होत्या. नव्यांना स्वतःला चालायला वीज लागते, म्हणून तिसरी वायर हवी. जुन्या घरात ती कुठून येणार? दोन शनिवार-रविवार मी भिंतींतून नवी केबल ओढली, चोवीस व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवला, तळघरातल्या पॅनलवर एकेक वायर जोडली. काम देखणं झालं होतं. वैशालीला खाली नेऊन मी ते दाखवलं, फोटो काढून अकोल्याच्या जुन्या मित्रांना पाठवले.

पॅनलवर आधीच्या मालकानं प्रत्येक झोनखाली चिकटपट्टीवर पेन्सिलीनं नाव लिहिलं होतं. तिसऱ्या पट्टीवर 'बेसमेंट' एवढं वाचता येत होतं. पुढे अजून काही होतं, ते पुसलं होतं. मी ते वाचायचा प्रयत्नही केला नाही. तळघराचा जुना थर्मोस्टॅट एकवीस अंशांच्या आसपास ठेवलेला दिसला. रिकाम्या तळघराला कशाला एवढी ऊब, असं म्हणून मी नवा बारावर ठेवला. बारा अशासाठी, की पाइपातलं पाणी गोठू नये. मग तिन्ही डब्या एकेक करून चालू केल्या, पॅनलवरचे दिवे लागले, व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज आला. झालं. खोल्याखोल्यांतून जाऊन नळ्यांना हात लावून बघणं राहिलं.

आईला आम्ही खालची मागची खोली दिली. तिला जिने चढायला नकोत आणि बाथरूम जवळ, म्हणून. ती खोली घराला मागून वाढवलेली होती, तिच्या तीन भिंती बाहेर उघड्यावर. आम्ही स्वतः तिथे कधी झोपलो नव्हतो. घर घेतलं ते त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, त्यामुळे ती खोली थंडीत कशी असते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. खालच्या मजल्याचा थर्मोस्टॅट बाहेर पॅसेजमध्ये होता.

पहिल्या आठवड्यातच आई मला म्हणाली, "माह्या खोलीतली नळी गरम होत नाही रे. हात लावून पाह्य बरं."

मी ऑफिसच्या कॉलवरून उठून आलो होतो. मी खिशातून फोन काढला, तिच्यासमोर धरला आणि सांगितलं की खालच्या मजल्यावर एकवीस अंश आहे, एकवीस म्हणजे आपल्याकडच्या दिवाळीसारखी हवा. आणि नळी सारखी गरम नसते, लागेल तेव्हाच तापते. तिनं चष्मा लावून तो आकडा बघितला. मान हलवली. नळी माझ्यापासून दोन हातांवर होती.

खोली थोडी गार आहे हे मलाही जाणवलं होतं, असं नाही की जाणवलं नाही. पण तीन बाजूंनी उघडी खोली आणि पंचेचाळीस अंशांत जन्म काढलेली बाई, तिला थंडी वाजणारच, असा माझा हिशोब. जेवताना मी त्यावर विनोदही करायचो, आईचं रक्त चांदूर बाजारचं आहे म्हणून. ती हसायची. आम्ही जाड ब्लँकेट आणलं, आतून घालायचे गरम कपडे आणले, विजेचा एक छोटा हीटर आणला. हीटर देताना मीच बजावलं की घर लाकडाचं आहे, झोपताना लावू नको, आग लागू शकते. तेव्हापासून तिनं तो एकदाही लावला नाही. पहाटे खोकला यायचा, त्यानं आमची झोपमोड होऊ नये म्हणून ती दारही घट्ट लावून घ्यायची, आणि पॅसेजमधली थोडीफार ऊब आत जायची तीही बंद व्हायची.

डिसेंबरनंतर ती दिवसभर स्वयंपाकघरात बसू लागली. मला बरं वाटायचं, घरात रुळली म्हणून. ज्वारीचं पीठ शोधून आणून वैशाली तिच्याकडून भाकरी शिकत होती. जानेवारीत आईचे गुडघे सुजले. डॉक्टर म्हणाले, वयामुळे. फेब्रुवारीत एका रविवारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली की तिला रेखाकडे जायचं आहे. मी काहून म्हणून विचारलं. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "मले इकडं करमत नाही."

मी दुखावलो. मला वाटलं, आपण एवढं केलं आणि हिला शेवटी तिथलंच प्रिय. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिकीट काढलं. विमानतळावर तिला व्हीलचेअरवर बसवलं तेव्हा तिनं वैशालीचा हात बराच वेळ सोडला नाही. घरी येऊन मी सगळ्या नातेवाइकांना कळवलं, आईला करमलं नाही.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात कंपनीनं घरून काम करायला सांगितलं, म्हणून मी तळघरात टेबल टाकलं आणि फोनवरून तळघर बारावरून एकवीसवर नेलं. तीनचार दिवसांनी वैशालीनं बॅग मागितली. ती मागच्या खोलीतल्या कपाटात होती. दुपारची वेळ होती, बाहेर बर्फ पडून गेलेलं. मी दार उघडलं आणि खोलीतली ऊब अंगावर आली. त्या खोलीत मला तशी ऊब कधीच लागली नव्हती. मी वाकून नळीला हात लावला. चटका बसला.

खाली जाऊन छताच्या फळ्या बाजूला केल्या आणि पाइपाचा माग काढला. वाढवलेल्या खोलीची नळी कुणीतरी तळघराच्या झोनला जोडली होती. खालच्या मजल्याशी तिचा काही संबंध नव्हता. आधीच्या मालकाला ते माहीत होतं, म्हणून त्याचं तळघर एकवीसवर होतं. त्याच्या चिकटपट्टीवर तेच लिहिलेलं असणार. एक पूर्ण हिवाळा मी माझ्या आईला बारा अंशांच्या हुकमावर ठेवलं होतं आणि फोनवर एकवीस दाखवत होतो. वैशालीला सांगितलं तेव्हा ती आईच्या पलंगावर बसली. माझ्यावर ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

फोनवर आईला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. मे महिन्यात मी अकोल्याला गेलो. त्याआधी रेखानं मला एक गोष्ट सांगितली होती, जी आईनं कधी सांगितली नसती. आई परत आली तेव्हा भेटायला आलेल्या गावातल्या बायका म्हणत, लेकानं परत धाडली. आई प्रत्येकीला सांगायची की नाही, पोरगा चांगला, सून त्याहून चांगली, मलेच करमलं नाही. आणि जिथे राहायचं नव्हतं त्या लेकीच्या घरी, शेत मक्त्यानं गेलेलं, घराला कुलूप, अशी ती राहत होती.

अकोल्यात दुपारी बाहेर बघवत नव्हतं. कूलरसमोर बसून आई अंबाडीची पानं खुडत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. झोन, वायरी, पट्टी, बारा अंश. तिला तेवढं सगळं कळलं नसेल, पण शेवट कळला. तिचे हात थांबले नाहीत.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "तुमच्या खोल्यातल्या नळ्या गरम राहत. माह्यीच थंडी राहे. मी रोज हात लावून पाहो."

"मग पुन्हा काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं तं होतं. तुनं फोन दाखवला." पुढची जुडी ओढून घेत म्हणाली, "मंग मलेच वाटलं, आपलंच आंग खराब झालं असन. तू शिकलेला. मशीन खोटं कशी बोलन?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी रडलो. तिनं पानांचं ताट बाजूला सरकवलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण चूक नाही झाली, असं ती म्हणाली नाही. मी तिला सांगितलं की आता खोली दुरुस्त केली आहे, वेगळा झोन केला, तिच्याच खोलीत वेगळा थर्मोस्टॅट लावला आहे, चल. तिनं मान हलवली. "आता नाही बाबू. आता मले तेवढं जमत नाही. मले माह्या घरी नेऊन दे."

तेवढं मी करू शकत होतो. रेखाला काळजी वाटत होती, ती रागावलीही, पण आई ऐकेना. आम्ही चांदूर बाजारला जाऊन घर उघडलं. आठ दिवस मी तिथे राहिलो. कौलं सारखी करून घेतली, सगळ्या घराची वायरिंग नव्यानं केली. या वेळी प्रत्येक दिवा, प्रत्येक पंखा तिला लावायला सांगितला आणि शेजारी उभा राहिलो. शेत करणाऱ्याची बायको रोज दोनदा येऊन जाईन म्हणाली. शेजाऱ्यांना आईनं काय सांगितलं माहीत नाही. मी मात्र भेटेल त्याला सांगितलं की माझी चूक झाली होती. काहींना ते थर्मोस्टॅटचं प्रकरण कळलंच नाही. एक म्हातारे काका म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी मायले परत पाठवते का?" मी त्यांना समजावत बसलो नाही. एका परीनं त्यांचं बरोबरच होतं.

तुम्ही जे मागे राहिलात त्यांना वाटतं, गेलेल्यांना तिथे सगळं मिळालं. आम्हाला वाटतं, आम्ही नेलं की तुम्हालाही मिळेल. घर तयार ठेवायचं म्हणजे काय, हे मी तांत्रिक काम समजलो होतो. आई मला दोन हातांवरून सांगत होती आणि मी ऐकून घेण्याऐवजी तिला आकडा दाखवला. त्या एका मिनिटासाठी मी आता काय वाटेल ते देईन, पण ते मिनिट परत येणार नाही. तिची जी वर्षं माझ्याजवळ जायची होती तीही नाहीत.

निघायच्या दिवशी आई दारापर्यंत आली. गुडघ्यांमुळे त्यापुढे येववत नव्हतं. आजवर ती माझ्या तिथल्या घराला कधी घर म्हणाली नव्हती. तिच्यासाठी ते नेहमी 'तिकडं' होतं, ती तिथे राहत होती तेव्हासुद्धा. त्या दिवशी उंबऱ्याला धरून ती म्हणाली, "घरी पोचला म्हणजे फोन करजो."

दोन दिवसांनी, बॅगा पॅसेजमध्येच ठेवून, मी फोन लावला. तिनं विचारलं, पोचला का. मी म्हटलं, पोचलो. 'घरी' हा शब्द काही केल्या तोंडातून निघाला नाही.