निवडलेलं पोतं

‘निवडणे’ हे क्रियापद मी ब्रह्मपुरीच्या शाळेत बावीस वर्षं शिकवतो आहे. भाजी निवडावी, तांदूळ निवडावेत, पुढारी निवडावा (आणि पाच वर्षं पस्तावावं), असं सगळं फळ्यावर लिहून देतो. घरची दोन एकर धानाची शेती मात्र आई बघते.

गेल्या उन्हाळ्यात बहिणीच्या सासरची माणसं जेवायला यायची होती. आई म्हणाली, “खोलीतलं धान मिलवर ने अन् भरडून आन.” एवढं सांगून ती बाजाराला गेली. खोलीत पोती होती दोन. फोन करून विचारावं, तर मी पडलो मराठीचा मास्तर! दोन्ही पोती सोडली, मूठमूठ धान हातावर घेतलं, दाणा दातानं फोडून पाहिला. एकात काडीकचरा होता. दुसऱ्यात दाणा न् दाणा सारखा, टपोरा, सुवासाचा. पाहुण्यांना चांगलंच वाढावं, म्हणून मी दुसरं नेलं.

बाजारातून आल्यावर आईनं मूठभर तांदूळ हातावर घेऊन पाहिला.

“कोनतं नेलं रे?”

“चांगलं निवडून नेलं.”

“ते मीच निवडलं होतं, बापा. बियान्याचं होतं ते.”

कापणीच्या वेळी बांध्याबांध्यांतून फिरून तिनं एकेक लोंबी वेचली होती. माहेरचा हा वाण तिनं चाळीस वर्षं असाच राखला होता, आणि मी तो वीस मिनिटांत भाताच्या पातेल्यापर्यंत पोचवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं तोच तांदूळ धुवायला घेतला. मला फार वाईट वाटलं.

त्यात जेवताना बहिणीची सासू म्हणाली, “भात लय मस्त झाला बाई. थोडं बियानं देसान का आमाले?”

“मास्तरले विचारा,” आई म्हणाली.

मी पाण्याचा तांब्या भरायला उठलो. (तो भरलेलाच होता.)

पेरणी तोंडावर आली होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी गडचिरोलीकडे, मामांच्या गावी गेलो. मामांकडे तोच वाण होता. त्यांनी बियाण्याची दोन पोती पुढ्यात ठेवली.

“घे, तुया हातानं निवड.”

माझे हात आपोआप मागे गेले. मी आईला फोन लावला.

“मामाले दे,” ती म्हणाली. बहीणभावांचं काय ते ठरलं, आणि फोन परत माझ्याकडे आला.

“उचलता त येते ना तुले?”