फारसीच्या वर्गातली सात नावं

विष्णुपंतांचा आकडा चुकला, असं सांगलीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. गावाबाहेरच्या कॉलेजात ते हेडक्लार्क. खडूचा डबा किती दिवस पुरला, हेसुद्धा लिहून ठेवणारा माणूस. प्राध्यापक मंडळी पाठीमागे खुशाल हसायची.

बेचाळीसच्या चळवळीत कॉलेज निम्मं ओस पडलं. फारसीच्या वर्गात मुलं अकरा, त्यांतली सात गेली. कुणी तुरुंगात, कुणी सातारच्या डोंगरात भूमिगत. फारसी शिकवणारे कुतुबुद्दीन सर मात्र रोज अकराही नावं पुकारायचे. फी थकली की नाव कमी होतं, म्हणून त्या सातांची फी ते स्वतःच्या पगारातून भरत. पावत्या विष्णुपंतच फाडायचे.

"परत आल्यावर पोरांनी बसायचं कुठं, पंत?" सर एवढंच म्हणायचे.

त्रेचाळीसच्या जानेवारीत संस्थेच्या मंडळानं तक्ता मागवला. लढाईची महागाई, कोणता विषय परवडतो ते बघायचं होतं. शिक्षकाच्या पगाराला विद्यार्थ्यांच्या संख्येनं भागायचं, झालं. सरांचा वर्षाचा पगार चौदाशे चाळीस. अकरानं भागला तर माणशी एकशे एकतीस. पण तक्त्याला मुलांची यादी जोडायची होती. फरारी पोरांची नावं तिच्यात गेली आणि पोलीस चौकशीला आले तर?  विष्णुपंतांनी चारानं भागलं. तीनशे साठ. खाली सुवाच्य अक्षरात शेरा मारला, 'प्रत्यक्ष उपस्थितीप्रमाणे'. भित्रेपणाला इतकं नीटनेटकं नाव दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं!

इंग्रजीला माणशी बावीस, फारसीला तीनशे साठ. मंडळाला विचार करायचं कारणच उरलं नाही. जूनमध्ये फारसी बंद झाली. साताऱ्याला घरी परतण्याआधी सर ऑफिसात आले.

"मंडळानं कसला हिशेब केला, खुदा जाणे. तुम्ही मात्र माझ्या पोरांची नावं पटावर राखलीत, पंत. उपकार आहेत तुमचे."

विष्णुपंतांनी मान खाली घालून दौतीचं झाकण लावलं. खरं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण ते गिळून बसले. त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. हाताशी कोरा कागद आला की ते अकरानं भागायचे आणि फाडून टाकायचे.

पुढच्या दिवाळीनंतर त्या सातांतला मेढ्याकडचा भाऊसो तुरुंगातून सुटून थेट ऑफिसात उभा राहिला.

"आवं पंत, फारशीचा वर्ग कुटं भरतोय? सरांनी तुरुंगात पत्र धाडलं हुतं, तुजं नाव अजून हाय म्हणून."

"वर्ग बंद झाला रे."

"बंद? आन् सर कुटं हायत?"

विष्णुपंतांना त्याच्याकडे बघवेना. आपल्या हातानं आपण काय केलं, ते त्या पोराच्या तोंडाकडे बघून त्यांना पुरतं कळलं. त्यांनी रजेचा अर्ज लिहिला आणि भाऊसोला घेऊन सातारा गाठलं.

सर ओट्यावर बसून कुणाचा तरी जुना फारसी कागद वाचून देत होते. भाऊसोला पाहताच ते उठले आणि त्याला त्यांनी पोटाशी धरलं. विष्णुपंत पायरीवरच थांबले.

"सर, तक्ता मी केला होता. फीच्या पावत्या माझ्याच हातच्या, तरी चारानं भागलं. पोलिसांना भ्यालो."

 सरांनी आत जाऊन पाठ्यपुस्तक आणलं, भाऊसोला समोर बसवलं आणि सवयीनं नावं पुकारायला घेतली. तोंडपाठ होती. भाऊसो "हजर" म्हणाला. बाकीच्या दहा नावांपुढे सर तेवढेच थांबले, जसे वर्गात थांबायचे.

"पंत, आज हजर किती?"

"एक."

"आणि भागायचं कितीनं?"

सरांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. 

"अकरानं, सर."

सरांनी मान हलवली आणि पुस्तक उघडलं. विष्णुपंत पायरीवरच बसून राहिले. वर या, असं त्यांना कुणी म्हटलं नाही.