दुर्गाबाईचं रक्त

घनसावंगीच्या दुर्गाबाईला बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायची धास्ती वाटायची. तिची दोन्ही लेकरं पाळण्यातच गेली होती. तोंडावर कुणी काही म्हणत नसे, पण आपल्या रक्तातच खोट आहे, असं तिनं मनाशी धरलं होतं.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात धाकटी जाऊ नंदाबाई तापानं फणफणली आणि त्यातच तिला कळा सुरू झाल्या. दीर रामकिसननं तिला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. घरात दुसरी बाई नव्हती, म्हणून दुर्गाबाईला सोबत जावंच लागलं. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी नंदाबाईच्या कानामागं, कपाळावर लाल पुरळ उठलं.

डॉक्टरीणबाईंनी बत्ती धरून तिच्या गालाच्या आत पाहिलं. बारीक पांढरे ठिपके होते.

"गोवर आहे. आईलाच आत्ता निघालाय, म्हणजे तिच्याकडून बाळाला काहीच बळ मिळालेलं नाही. बाळाच्या छातीत उतरला तर कठीण."

"मंग औषध द्या की जल्दी!" रामकिसन म्हणाला.

"गोवरावर औषध नाही. ज्याला तो येऊन गेलाय, त्याचं थोडं रक्त बाळाच्या मांडीत टोचता येईल. त्यानं जोर कमी होतो."

रामकिसन नुकताच हिवतापातून उठला होता. त्याचं रक्त चालणार नव्हतं. दुर्गाबाईला लहानपणी गोवर आला होता. ती दोन पावलं मागं सरली.

"माझं नको, बाई. माझ्या रक्ताची दोन गेली. आता हिलाबी मारू का?"

"कशानं गेली?"

"आठवड्यातच तोंड मिटलं. दूध घेईनात. मंग आचके..."

"नाळ कशानं कापली होती?"

"विळ्यानं."

"तो धनुर्वात, विळ्याच्या घाणीतून झालेला. तुमच्या रक्ताचा काही दोष नव्हता."

दुर्गाबाईला ते धड पटलं नाही, पण तिनं डोळे गच्च मिटून हात पुढं केला.

मग बाळाला आईपासून वेगळं ठेवलं. दुर्गाबाई वाटी-चमच्यानं दूध पाजायची आणि त्या इवल्या छातीकडं बघत बसायची. दहा-बारा दिवसांनी पोरीचं अंग तापलं, पोटावर पुरळाचे चार ठिपके दिसले. आपलंच रक्त भोवलं, असं वाटून दुर्गाबाई डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावली.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पुन्हा तपासली. "श्वास साफ आहे. गोवर आला, पण हलका आला."

ताप उतरला. पोरगी वाचली, नंदाबाईही उठली.

पुढं कितीतरी वर्षं त्या पोरीला साधा खोकला आला, तरी दुर्गाबाई तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावायची आणि तिच्या छातीला कान लावायची.