गळ रिकामा नव्हता

“भूकंपाने सरांचे सर्वस्व नेले. त्यानंतर ते जगले, पण जगण्यातून त्यांनी मन काढून घेतले. दर रविवारी ते तलावाकाठी बसत आणि गळाला आमिष न लावताच तो पाण्यात सोडत. त्यांना मासा नकोच होता. आम्हा सर्वांसाठी निरपेक्षतेचा याहून मोठा धडा नव्हता.”

नागनाथ मास्तरांच्या शोकसभेत जी पुस्तिका वाटली, तिच्या पहिल्याच पानावरचा हा मजकूर. लिहिणारा श्रीकांत. लातूरच्या ज्या क्लासात मास्तर गणित शिकवत, तेथेच हा श्रीकांत पंचविशीत शिकवायला लागला आणि आज तो स्वतःच्या क्लासचा मालक आहे. सभेत हा उतारा वाचला गेला तेव्हा लोकांनी डोळे टिपले. मी बोलायला उठलो, तर शेजारच्या गृहस्थांनी माझा सदरा धरून मला खाली बसवले. तेथे बोलू दिले नाही म्हणून येथे लिहितो आहे. उतारा सुंदर आहे, पण खोटा आहे. पाटबंधारे खात्यात माझा जन्म पाण्याची पातळी वाचण्यात गेला. जेवढे पाणी असेल तेवढेच वहीत उतरवायचे, ही आमची शिस्त. पाण्यावर कोणी कविता करू लागले की मला राग येतो, आणि ज्या माणसाशेजारी मी वीस वर्षांचे रविवार काढले त्याच्यावर केली तर अधिकच येतो.

जे खरे आहे ते आधी मान्य करतो. मास्तर किल्लारीजवळच्या एका खेड्यात शाळेवर होते. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे जमीन हलली तेव्हा ते लोह्याला बहिणीकडे गेलेले होते, म्हणून वाचले. पत्नी आणि म्हातारे वडील दगडामातीच्या घराखाली गेले. नंतर ते लातूरला आमच्या गल्लीत पत्र्याच्या खोलीत राहायला आले. त्या काळात लातुरात क्लासचे पेव फुटत होते. नांदेडहून, परभणीहून मुले ट्रंका घेऊन उतरत होती, घराघरांत मेसचे डबे भरले जात होते, चौकाचौकात गुणवंतांचे फोटो लागत होते. मास्तरांचे गणित इतके नेमके की पहिल्याच वर्षी त्यांच्या बॅचला जागा पुरेना. मात्र वर्गात शिरताना ते आधी छताकडे पाहत, आणि खुर्ची दाराला लागून ठेवत. रात्री अंगणात बाज टाकून झोपत. माझ्या मागे स्कूटरवर बसून ते प्रथम तलावावर आले, ते तेथे डोक्यावर छत नाही एवढ्याचसाठी. हे मी नाकारत नाही. परंतु माणूस एखाद्या जागी ज्या कारणाने येतो, त्याच कारणाने तो तेथे राहतो, असे समजणे हा आळस आहे.

तलाव मुरुडच्या बाजूचा. मी पातळीची नोंद करायला जाई. मासेमारीचा ठेका भोई मंडळींच्या सोसायटीकडे होता आणि त्यांतला गंगाराम भोई आमच्या ओळखीचा. त्याने आम्हाला परवानगी दिली ती एका अटीवर: जाळ्याला हात लावायचा नाही, गळ कितीही टाका. त्याला आमची काळजी करण्याचे कारण नव्हतेच. चार महिने आमच्या गळाला खेकड्यांखेरीज काही लागले नाही. गंगाराम जाळे झाडता झाडता विचारायचा, “काय मास्तर, आज तरी भाजी मिळाली का?” मास्तर शांतपणे म्हणत, “न्हाई. पण तलाव किती खोल हाय ते कळून राहिलं.”

दोष कोठे होता ते मला ठाऊक असायला हवे होते. तो तलाव काळ्या रानावर बांधलेला. तळाशी हातभर गाळ, पायसुद्धा रुतेल असा. दोरीला वजन म्हणून लावलेले आमचे शिसे आमिषाला घेऊन थेट त्या गाळात जाऊन बसे. आम्हाला हवा होता शिंगाळा. लांब मिशांचा, पाठीवर काटा असलेला हा मासा तळाशी फिरतो. पण गाळाच्या वरून फिरतो, गाळात तोंड घालत नाही. गंगाराम एकदा हसून म्हणाला, “साहेब, तुमी त्याला जेवाय बोलावता आन् ताट जमिनीत पुरता. त्यानं यावं तरी कसं?”

त्या दिवशी परतताना वाटेत एका खळ्यावर मास्तरांनी स्कूटर थांबवायला सांगितली आणि ज्वारीचा एक वाळलेला धांडा उचलून घेतला. घरी आल्यावर त्याची साल सोलली. आत तो पांढरा, हलका भेंड, ज्याच्या आपण लहानपणी बैलगाड्या करत होतो. त्याचा बोराएवढा तुकडा त्यांनी गळाच्या मानेवर ओवला आणि बादलीत सोडला. गळ बुडाला. मोठा तुकडा घेतला, गळ वर येऊन तरंगू लागला. मग शिसे एक वीत मागे, दोरीला बांधले. आता शिसे बादलीच्या तळाशी, आणि गळ त्याच्यावर वीतभर अधांतरी, गांडूळ मिरवत. मास्तरांनी पाहिले आणि कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिले. अर्ध्या तासात भेंड पाणी पिऊन खाली बसला, तेव्हा त्यांनी वीज जाते म्हणून ठेवलेली मेणबत्ती पेटवली आणि तुकड्यावर मेण चढवले. ही तरंगत्या गळाची युक्ती माझी, असे मी आजवर अनेकांना सांगत आलो. ती माझी नव्हती. इतरांच्या चुका काढायला बसलो आहे, तर ही माझीही दुरुस्त करतो.

आता श्रीकांतचा रविवार. तो एकदाच तलावावर आला होता. क्लासच्या तेव्हाच्या मालकांनी त्याला पाठवले होते.

“सर, रविवारची बॅच तुमच्याशिवाय चालंना. मालक म्हणाले, सरांना घेऊनच या.”

“मालकांना सांग, सोमवारी सकाळी सहाला हाय मी. रविवार शिंगाळ्याचा.”

“शिंगाळा कोणत्या परीक्षेला बसून राहिला, सर?”

“त्याला क्लास लागत न्हाई, तो लई हुशार हाय. म्हणून तर त्याच्या मागं लागलोय.”

तेवढ्यात दोरी किंचित हलली. श्रीकांतने उत्साहाने ती ओढून घेतली. गळाला मेण लावलेला पांढरा भेंड होता, बाकी काही नाही. “सर, गळाला तर काहीच न्हाई,” तो म्हणाला. मास्तरांनी गळ हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि समाधानाने म्हणाले, “चांगलं झालं.”

श्रीकांतने एवढेच ऐकले आणि वीस वर्षे जपून ठेवले. मास्तरांनी काय पाहिले ते मी सांगतो, कारण त्यांच्या खांद्यावरून मीही पाहत होतो. तो गळ स्वच्छ होता. चार महिने काळ्या चिखलाने माखून येणाऱ्या गळावर त्या दिवशी चिखलाचा ठिपकाही नव्हता. म्हणजे भेंडाने काम केले होते. गळ गाळाच्या वर राहिला होता. बारीक माशांनी गांडूळ कुरतडून नेले होते, म्हणजे तेथे खाणारे होते. श्रीकांत नमस्कार करून गेला आणि मास्तरांनी डब्यातून नवे, जाडजूड गांडूळ काढून लावले. तो अर्धा तास थांबला असता तर पुस्तिका वेगळी छापली गेली असती. दोरी अशी ताणली की मास्तरांच्या तळहातावर वळ उठला. मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो, गंगाराम जाळे टाकून धावत आला. शिंगाळा माझ्या हाताहून लांब होता. गंगारामने त्याच्या मिशा पाहिल्या आणि म्हणाला, “मास्तर, पास झालात.”

पुस्तिकेत पुढे असेही आहे की सर मासा पुन्हा पाण्यात सोडून देत. तो शिंगाळा माझ्या घरी शिजला. माझ्या पत्नीने येसर मसाला घालून रस्सा केला, आणि निरपेक्षतेचा धडा देणाऱ्या आमच्या मास्तरांनी तीन भाकरी खाल्ल्या. चौथी मागताना “वहिनी, अर्धीच,” म्हणाले, आणि पुरी खाल्ली.

त्यानंतर त्यांना गांडुळांची विवंचना लागली. आमच्याकडे उन्हाळ्यात जमीन अशी तापते की गांडूळ शोधून सापडत नाही. मग त्यांनी पाझरणाऱ्या एका जुन्या माठात माती भरली, वर ओले पोते अंथरले आणि गांडुळे पाळली. रोज सकाळी गाळण्यातला चहाचा चोथा त्या माठात जाई. पुढे त्यांच्या भाचीने, सुनीताने, लातुरात घर बांधले आणि मामांना तेथे बोलावले. ते स्लॅबच्या घरात जाणार नाहीत, असे आम्ही सर्वांनी धरले होते. मास्तरांनी घर पाहिले, वरची खोली पाहिली, आणि म्हणाले, “हीच बरी. जिन्याखाली सावली हाय, माठ तिथं राहील.” पहिल्या रात्रीपासून ते छताखाली झोपले. मन काढून घेतलेला माणूस गांडुळांच्या सावलीसाठी भीती सोडतो का, हे श्रीकांतने मला समजावून सांगावे.

तरीही एक कबुली द्यायची राहिली आहे, आणि ती देणे मला जड जाते. शेवटचे दोन महिने मास्तर तलावावर आले नाहीत. हृदयाचे दुखणे निघाले, डॉक्टरांनी स्कूटर बंद केली. मी रविवारी सुनीताच्या दारात हॉर्न वाजवणे सोडून दिले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असे स्वतःला सांगितले. भेटायला गेलो तर पाण्याचा विषय काढत नसे. तेही काढत नसत… मी मनात धरून चाललो की मास्तरांनी आता सोडून दिले. श्रीकांतची चूक वीस वर्षांपूर्वीची आहे, माझी ताजी आहे. तो एका रविवारी फसला. मी तर त्यांना वीस वर्षे ओळखत होतो.

एका शुक्रवारी दुपारी सुनीताचा फोन आला: “काका, मामा गेले.” जेवून खुर्चीत बसले होते, तसेच. रविवारी राख सावडून आम्ही सुनीताच्या घरी आलो. मी वर त्यांच्या खोलीत जाऊन जरा वेळ बसलो आणि परत उतरू लागलो, तर सुनीता जिन्याजवळ उभी होती.

“काका, हा माठ टाकून देऊ का? मामा न्हाईत, आता कुणाला लागतोय?”

“याला पाणी कोण घालत होतं?” मी विचारले.

“दुसरं कोण? मला शिवू पण देत नव्हते. रोज सकाळी चहा झाला की गाळणं मागून घ्यायचे. त्या शुक्रवारीसुद्धा घेतलं.”

माठ आता माझ्या घरी आहे. गाळणे मीच मागून घेतो, आणि या पावसाळ्यात तलाव भरला की गंगारामला कळवणार आहे. श्रीकांतलाही चल म्हणणार आहे. आला तर आमिष त्यालाच लावायला देईन. त्याची पुस्तिका लोक जपून ठेवतील, त्याला माझा इलाज नाही. तिच्याविरुद्ध माझ्याकडे पुरावा एकच आहे. त्या रविवारी जिन्याखाली वाकून मी माठावरचे पोते उचलले, तेव्हा वर शुक्रवारचा चोथा होता, माती ओली होती, आणि गांडुळे जिवंत होती.